टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, इंजेक्शन घेऊ का?

वाचकाचं पत्र, नाव-गाव काढून थोडक्यात: वय ५४. एमआयडीसीतल्या कंपनीत सुपरवायझर, दर तिसऱ्या आठवड्याला नाइट शिफ्ट. वजन ७३ किलो, अंगाने बारीक पण पोट सुटलंय. गेलं दीड वर्ष सतत थकवा, चिडचिड, दुपारी डोळे मिटतात, बायकोजवळ जायची इच्छा होत नाही आणि झाली तरी "शरीर साथ देत नाही". घोरण्यामुळे बायको आठ महिन्यांपासून हॉलमध्ये झोपते, त्यावर दोघांचं काही बोलणं नाही. मध्यंतरी आठवडाभर ताप होता. तो उतरल्यावर पंधराएक दिवसांनी मुलीने फुल बॉडी चेकअपचं पॅकेज बुक केलं. नाइट करून सकाळी घरी आले, चहा-पोहे खाल्ले, अकरा वाजता लॅबचा माणूस येऊन रक्त घेऊन गेला. टेस्टोस्टेरॉन २५८ आलं, एचएस-सीआरपी (अंगातल्या दाहाची टेस्ट) ५.४, दोन्ही आकडे लाल. वॉट्सॅपवर वाचलं की अंगात दाह वाढला की पुरुषी हार्मोन संपतं, म्हणून उष्णतेचे पदार्थ बंद केले, सब्जा आणि गुलकंद चालू केलं. भाच्याची जिम आहे, तो म्हणतो मामा चार इंजेक्शनं घ्या, फरक बघा. पत्राचा शेवट असा: "ताई, वय झालं की हे व्हायचंच ना? मग इंजेक्शन घ्यायला हरकत काय?"

भाऊ, आधी एक सांगते, हे पत्र लिहिलंत हेच मोठं काम केलंत. माझ्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या वयाचे पुरुष दवाखान्यात यायचे ते गुडघा दाखवायला नाहीतर बीपीची गोळी लिहून घ्यायला, आणि खरं बोलणं निघायचं ते उठून दारापर्यंत गेल्यावर, चपला घालता घालता, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं" असं. तुम्ही ते पहिल्याच ओळीत लिहिलंत, बरं वाटलं वाचून.

इंजेक्शनकडे येतेच, पण त्याआधी ते रक्त कधी काढलं ते बघू, कारण तुमचं सगळं टेन्शन त्या एका आकड्यावर उभं आहे आणि तो आकडाच मला पटत नाहीये. टेस्टोस्टेरॉन दिवसभर एकसारखं नसतं, पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि नंतर उतरत जातं, म्हणून ही टेस्ट सकाळी आठ ते दहाच्या आसपास, उपाशीपोटी करायची असते आणि कमी आली तर दुसऱ्या दिवशी परत करायची असते, एका रिपोर्टवर कुणी शहाणा डॉक्टर निदान करत नाही. तुमचं रक्त गेलं अकरा वाजता, पोह्यांवर. साखर-स्टार्च पोटात गेल्यावर पुढचे दोन-एक तास टेस्टोस्टेरॉन चांगलंच खाली येतं, हे मोजून बघितलेलं आहे. वर तुम्ही रात्रभर जागे, म्हणजे तुमच्या शरीराच्या घड्याळात तेव्हा सकाळ नव्हतीच. आणि चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, तुम्ही तापातून नुकते उठला होतात.

या तापावरच जरा थांबते, कारण दाह आणि हार्मोनचं नातं समजून घ्यायला याच्याइतकं सोपं उदाहरण नाही. जोरदार ताप येतो तेव्हा शरीर सगळी ताकद लढाईकडे वळवतं, भूक मरते, अंग मोडून येतं, झोपून राहावंसं वाटतं, आणि त्याच वेळी मेंदू खाली निरोप धाडतो की आत्ता पोरंबाळं जन्माला घालायची वेळ नाही, ते खातं जरा बंद ठेवा. टेस्टोस्टेरॉन धाडकन पडतं. हा बिघाड नाही, शरीराचं शहाणपण आहे. ताप गेला, ताकद भरून आली की ते हळूहळू वर येतं, पण पंधरा दिवसांत पूर्ण येईलच असं नाही. तुमचं सीआरपी ५.४ आलं त्यातही या तापाचा वाटा किती आणि जुना किती ते आज कुणीच सांगू शकणार नाही. म्हणजे दोन्ही लाल आकडे आत्ता कच्चे धरायचे.

मग सगळं ठीक आहे, विसरून जा, असं म्हणतेय का? नाही. दीड वर्षाचा थकवा आठवड्याच्या तापाने येत नाही. आणि वॉट्सॅपवर तुम्ही जे वाचलंत त्यात अर्धं खरं आहे, फक्त त्याचा अर्थ तुम्ही आपल्या घरगुती पद्धतीने लावलात.

आपल्याकडे दाह म्हटलं की लोकांना उष्णता आठवते, आंबा बाधला, अंडी बंद करा, माठातलं पाणी प्या, तोंड आलंय तर सब्जा घ्या. डॉक्टर ज्याला दाह म्हणतात ते वेगळं आहे. बोटात काटा गेला की तिथे लाल होतं, सुजतं, गरम लागतं, ठणकतं, तो दाह, म्हणजे शरीराचं दुरुस्तीपथक तिथे पोचलंय. काटा निघाला की पथक परत जातं. पण समजा काटा निघालाच नाही, किंवा असे बारीक बारीक काटे शरीरात वर्षानुवर्षं राहिले, तर पथक घरी जातच नाही, मंदपणे काम करत राहतं. ना ताप, ना सूज, ना दुखणं. भातगिरणीमागे तुसाचा ढीग पेटलेला बघितलाय का कधी? वरून राखाडी, शांत, जाळ कुठेच दिसत नाही, पण काठी खुपसली की आत लालबुंद. हा दाह तसा असतो. इटलीतले क्लॉडिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली वाढत्या वयातल्या या मंद दाहाला इन्फ्लमेजिंग असं नाव दिलं, दाह आणि वार्धक्य एकत्र करून.

तुमचं ते एचएस-सीआरपी म्हणजे या धुराचं माप. सीआरपी लिव्हर बनवतं, आणि ते बनव असा हुकूम मुख्यतः इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप्या देतो. १ च्या आत असेल तर छान, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर सारखं राहत असेल तर लक्ष द्यायचं, आणि १० च्या वर गेलं तर बहुतेक वेळा एखादं इन्फेक्शन चालू असतं, ते बरं झाल्यावर परत करायचं. धूर मोजता येतो, पण आग कुठे आहे ते या टेस्टला कळत नाही, ती आपण शोधायची. गुलकंदाने ती विझत नाही भाऊ, उलट गुलकंदात गुलाबापेक्षा साखरच जास्त, आणि तुम्ही फोटोत पाठवलेल्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.३ आहे, जे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तो आकडा पॅकेजवाल्यांनी लाल केला नाही का तुम्ही बघितला नाही माहीत नाही, पण ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, आणि तुम्ही उंबरठ्यावर एक पाय उचलून उभे आहात. माझ्या दृष्टीने तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात मोठा आकडा हा आहे, २५८ नाही.

आग कुठे शोधायची म्हणाल तर सगळ्यात आधी पोटावर. तुम्ही लिहिलंय की "जाडा नाहीये, पोट तेवढं आहे", आणि इथेच आपली गफलत होते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. युडकिन यांच्यासोबत २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं, त्यात दोघांचा शेजारी शेजारी फोटो होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हाडकुळा दिसणारा मराठी माणूस आतून चरबीने भरलेला असू शकतो, हे त्या एका फोटोत सगळ्या जगाला दिसलं. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप खरी. सकाळी, श्वास सोडून, पोट आत न ओढता, बेंबीच्या पातळीला मोजा, पॅन्टचा नंबर सांगू नका कारण पॅन्ट पोटाखाली बसते. पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही आपली रेघ.

आता ही आतड्यांभोवतीची चरबी नुसती पडून राहणारी नसते, ती एका ग्रंथीसारखी काम करते, दिवसरात्र. तिच्यातून टीएनएफ, इंटरल्युकिन-६ असे दाहाचे निरोपे रक्तात सुटतात, ते इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत म्हणून शुगर चढते, आणि तेच मेंदूत हायपोथॅलॅमसपर्यंत पोचून तापात जो निरोप जातो तसलाच निरोप देतात, फक्त हळू आवाजात आणि रोज. हायपोथॅलॅमस त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला ढिलं सोडतो, पिट्युटरीकडून निघणारं एलएच नावाचं हार्मोन जितकं यायला हवं तितकं येत नाही, आणि अंडकोष, जे बहुतेक वेळा ठणठणीत असतात, हुकूमच आला नाही म्हणून कमी माल काढतात. वर आणि या चरबीत अरोमॅटेज नावाचं एन्झाइम असतं जे आहे त्या टेस्टोस्टेरॉनमधलं काही इस्ट्रोजेनमध्ये बदलून टाकतं. (इस्ट्रोजेन पुरुषालाही लागतं बरं का, हाडांना, इच्छेलाही, त्यामुळे ते "बाईचं हार्मोन" म्हणून घाबरू नका.) आणि टेस्टोस्टेरॉन कमी झालं की स्नायू उतरतात, पोटावरची चरबी अजून वाढते, म्हणजे दाह अजून वाढतो. दोन्हीकडून रहदारी असलेला रस्ता आहे हा, त्यामुळे दाहाने हार्मोन पडलं का हार्मोन पडल्याने दाह वाढला हे एका माणसात सुटं करून दाखवणं अवघड असतं. पण काट्यापर्यंत हात पोचतो तो मुख्यतः चरबीच्या बाजूने, हे मात्र नक्की. टाइप २ डायबेटिस असलेल्या पुरुषांत साधारण तिसऱ्या हिश्श्याचं फ्री, म्हणजे रक्तात मोकळं असलेलं, टेस्टोस्टेरॉन कमी सापडलं होतं, अमेरिकेत बफेलोच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये दाखवलं, आणि तिथेही बहुतेकांचं एलएच वर गेलेलं नव्हतं, म्हणजे कारखाना ठीक, हुकूम कमी.

आता तुमच्या त्या "वय झालं की व्हायचंच ना" कडे येते. बायकांची पाळी जाते तसं पुरुषांचं काही एका वर्षात बंद होत नाही. चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन वर्षाला सरासरी एखाद टक्का उतरतं, आणि वयाबरोबर एसएचबीजी नावाचं त्याला पकडून ठेवणारं प्रोटीन वाढतं म्हणून मोकळं, वापरायला मिळणारं टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त वेगाने उतरतं. हे खरं. पण युरोपात आठ देशांतल्या ४० ते ७९ वयाच्या पुरुषांचा मोठा अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला, त्यात लैंगिक लक्षणं आणि कमी टेस्टोस्टेरॉन दोन्ही एकत्र कडकपणे मोजली तर असे पुरुष निघाले जेमतेम २ टक्के. थकलेले, उदास, इच्छा कमी झालेले त्याच्या कितीतरी पट होते, पण त्यांची हार्मोन बरी होती. आणि ज्यांची कमी होती त्यांच्यात वयापेक्षा लठ्ठपणा आणि इतर आजार यांचा हात मोठा दिसला.

अजून एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला फार विचार करायला लावते. बोस्टनचे शहरी पुरुष, काँगोतले लेसे, नेपाळचे तामांग आणि पॅराग्वेचे आचे अशा चार ठिकाणच्या पुरुषांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन मोजलं गेलं, २००२ साली ते प्रसिद्ध झालं. तरुणपणी आकड्यांत खूप फरक, अमेरिकन सगळ्यात वर, पण म्हातारपणी सगळे जवळजवळ एका पातळीला. म्हणजे उतार सगळीकडे सारखा नाही, जिथे तरुणपणी शिखर उंच तिथे घसरण मोठी. आणि दाहाचंही तसंच. २०२५ मध्ये नेचर एजिंग या नियतकालिकात इटली, सिंगापूर, बोलिव्हियाचे चिमाने आणि मलेशियाचे ओरांग असली या चार समाजांची तुलना आली. पहिल्या दोन ठिकाणी वयाबरोबर दाह वाढतो आणि म्हातारपणच्या आजारांशी त्याचा संबंध दिसतो. चिमाने आणि ओरांग असली लोकांच्या अंगात जंतांमुळे, इन्फेक्शनमुळे दाह भरपूर, पण तो वयाबरोबर तसा चढत गेला नाही आणि त्या आजारांशीही जोडलेला दिसला नाही. माझं यावरचं मत असं की आपण ज्याला "वय" म्हणतो त्यातला बराचसा भाग खुर्ची, कॅन्टीन, जागरण आणि पोट यांचा असतो. सगळा नाही, बराचसा. वय कुणाला चुकलंय, पण वयाच्या नावावर बाकीच्यांची बिलं फाडू नका.

आता इंजेक्शन. मी त्याच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. ज्याचे अंडकोषच काम करत नाहीत, पिट्युटरीत गाठ आहे, किंवा सकाळच्या दोन-दोन टेस्टमध्ये खरोखर कमी आहे आणि लक्षणंही आहेत, त्याला टेस्टोस्टेरॉन द्यायलाच हवं, त्याचं आयुष्य बदलतं. पण तुमच्यासारख्यांना काय मिळतं ते बघा. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ७९० पुरुषांवर एक वर्ष प्रयोग झाला, २०१६ मध्ये निकाल आले, इच्छा आणि संबंधात थोडी सुधारणा झाली, पण थकवा जाईल, उत्साह उसळेल ही जी सगळ्यांची आशा असते तिथे फारसं काही हाती लागलं नाही. ऑस्ट्रेलियात पोट सुटलेल्या, डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या १००७ पुरुषांना, म्हणजे अगदी तुमच्यासारख्यांना, दोन वर्षं एक तर टेस्टोस्टेरॉन नाहीतर नुसतं रिकामं इंजेक्शन दिलं, आणि आहार-व्यायामाचा कार्यक्रम दोघांनाही. टेस्टोस्टेरॉनवाल्यांत दोन वर्षांनी डायबेटिस १२ टक्क्यांना, दुसऱ्यांत २१ टक्क्यांना. चांगला फरक आहे, लपवत नाही. पण त्याच टेस्टोस्टेरॉनवाल्यांपैकी २२ टक्के लोकांचं रक्त धोक्याच्या रेषेपर्यंत घट्ट झालं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा हिस्सा, ५४ टक्के किंवा त्याच्या वर. २०२३ मध्ये हृदयाचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांचा ट्रॅव्हर्स नावाचा अभ्यास आला, हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढले नाहीत हा दिलासा, पण हृदयाचे ठोके बिघडणं, फुप्फुसात गुठळी जाणं, किडनीला अचानक इजा हे थोडं जास्त दिसलं.

आणि हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दर काही महिन्यांनी रक्त, पीएसए (प्रोस्टेटची टेस्ट) बघून. तुमच्या भाच्याच्या जिममधल्या बाटलीत काय आहे, किती आहे, हे त्यालाही माहीत नसतं. तो वाईट मुलगा आहे असं नाही म्हणत मी, मामावर जीव आहे म्हणूनच सांगतोय तो. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू म्हणतो भरपूर आहे, आणि होता तो एलएचचा हुकूमही बंद करतो, अंडकोष आकसतात, शुक्राणू बंद होतात, आणि पुढे इंजेक्शन थांबवलं की स्वतःचं परत चालू व्हायला कित्येक महिने जातात, त्या काळात माणूस आजच्यापेक्षा जास्त ढेपाळतो. मग तो परत इंजेक्शनकडेच जातो. हे वाचणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मुलांनो, ज्यांना अजून बाप व्हायचंय, तुम्हीही ही ओळ परत वाचा.

तुमच्या बाबतीत अजून एक अडचण आहे, आणि ती तुमच्या पत्रात आहे पण तुम्हाला दिसली नाही. घोरणं. बायको हॉलमध्ये झोपायला गेली म्हणजे घोरणं साधं नाही. रात्री घशाची नळी मिटते, श्वास थांबतो, ऑक्सिजन पडतो, मेंदू दचकून जागं करतो, असं रात्रीत शंभरदा झालं तरी माणसाला सकाळी काही आठवत नाही, फक्त डोकं जड आणि दुपारी मशीनसमोर डोळे मिटतात. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. यातूनही दाह वाढतो, शुगर वाढते, बीपी वाढतं. झोपेचं आणि टेस्टोस्टेरॉनचं नातं तर सरळ आहे, २०११ मध्ये शिकागोत दहा तरुण, निरोगी मुलांना आठवडाभर फक्त पाच तास झोपू दिलं तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी पडलं. विशीतल्या पोरांचं, आठवड्यात. आणि तीव्र अॅप्निया उपचाराविना असेल तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू करू नये असं डॉक्टरांच्या नियमांतच आहे.

मला एक शाळामास्तर आठवतात, तुमच्याच वयाचे, सडपातळ, टापटीप. थकवा थकवा म्हणून यायचे, मी बी-१२ ची इंजेक्शनं दिली, टॉनिक लिहिलं, जवळजवळ वर्षभर. एकदा त्यांच्या मिसेस सोबत आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचा श्वास थांबतो हो रात्री, मी बोटं मोजत बसते." मी त्यांना आ करायला लावलं, घसा बघायला, तर हिरड्या लालभडक, बोटाने दाबलं तर कडेने पू आला. वर्षभर मी त्यांचं तोंड उघडून बघितलं नव्हतं. याची खंत मला आजही आहे. दाताच्या डॉक्टरांनी हिरड्या साफ केल्या, झोपेची टेस्ट झाली, मास्कचं मशीन लागलं, आणि मास्तरांनी दुपारच्या तासाला खुर्चीत पेंगणं बंद झाल्याचं मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. त्यांचं टेस्टोस्टेरॉन आम्ही मोजलंच नाही.

म्हणून तुम्हालाही विचारते, ब्रश करताना रक्त येतं का? मिश्री, तंबाखू, गुटखा आहे का? हिरड्यांचा जुना आजार म्हणजे उघडी जखमच असते, फक्त तोंडात असल्याने कुणी जखम धरत नाही, आणि तिच्यावर नीट उपचार केले की सीआरपी उतरतं, शुगरही थोडी उतरते. सिगरेट-तंबाखूबद्दल मी भाषण देत नाही, तुम्हाला माहीत आहे.

आता "शरीर साथ देत नाही" त्याबद्दल, लाजू नका. इच्छा कमी होणं हे हार्मोनकडे बोट दाखवतं, पण ताठरता न येणं या वयात बऱ्याचदा रक्तवाहिन्यांचं दुखणं असतं. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा निम्म्याने बारीक, त्यामुळे आतलं अस्तर खराब व्हायला लागलं, जे दाहामुळे आणि शुगरमुळेच होतं, की तक्रार आधी तिथे दिसते आणि छातीत नंतर, कधी दोन-तीन वर्षांनी. म्हणून ज्याला ज्याला हा त्रास पहिल्यांदा सुरू झालाय त्याने रेल्वेच्या भिंतीवरचा नंबर लावू नये, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्यावा. त्या भिंतीवरच्या पुड्यांमध्ये न सांगता सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) नाहीतर स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा सापडलंय, आणि हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असलेल्या माणसाला सिल्डेनाफिल जिवावर बेततं.

मग करायचं काय. ताप जाऊन दोन महिने होऊ द्या. नाइट नसलेल्या आठवड्यात, तीन-चार रात्री नीट झोपल्यावर, सकाळी आठ-साडेआठला उपाशीपोटी स्वतः लॅबमध्ये जाऊन रक्त द्या, टोटल टेस्टोस्टेरॉन, आणि कमी आलं तर काही दिवसांनी त्याच लॅबमध्ये परत, सोबत एलएच, एसएचबीजी, प्रोलॅक्टिन (हेही पिट्युटरीचंच हार्मोन). त्याच वेळी एचएस-सीआरपी परत. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ झालं नसेल तर तेही, कारण थकव्याची ही चार आण्यांची कारणं आधी संपवावीत. एलएच खूप वाढलेलं आलं किंवा प्रोलॅक्टिन जास्त आलं तर थेट एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, तिथे माझा सल्ला संपतो. बाकीच्या वाचकांसाठी, सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन चालू असेल, किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक रोज चालू असेल, तर त्यानेही टेस्टोस्टेरॉन पडतं, डॉक्टरांना ते सांगा, पण गोळी मनाने बंद करू नका, स्टेरॉइड अचानक बंद करणं धोक्याचं असतं. आणि संधिवात, सोरायसिस असेल तर आग तिथेच आहे, त्याचे उपचार नीट घेणं हाच पहिला इलाज.

या दोन महिन्यांत पोट. सात-आठ टक्के वजन उतरवायचं डोक्यात ठेवा, तुमच्या बाबतीत पाच-सहा किलो. जितकं जास्त उतरतं तितकं टेस्टोस्टेरॉन वर येतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय, थोडं उतरलं तर थोडंच येतं हेही प्रामाणिकपणे सांगते. त्यासाठी काही आणायला जाऊ नका. सकाळच्या पोह्यांची डिश अर्धी करून त्यात मटकीची उसळ घाला, किंवा दोन अंडी, ती उष्ण पडतील म्हणून बंद केलीत ती परत चालू करा. कॅन्टीनचा वडापाव आणि चार चहांतली साखर हे दोन सुटले तरी खूप. नाइटला रात्री दोन वाजता कॅन्टीनचं पूर्ण जेवण घेता तुम्ही, ते नको, घरून भाकरी आणि सुकी भाजी न्या, थोडं खा. हळदीचं दूध प्यायचं तर प्या, पण हळदीने पोटाचा घेर कमी होणार नाही. अश्वगंधाबद्दल पुष्कळ लोक विचारतात, छोट्या अभ्यासांत थोडा फरक दिसलाय, पण क्वचित लिव्हरला इजाही झालीय, म्हणून लिव्हरचे रिपोर्ट बघितल्याशिवाय नको. चालणं रोज, आणि त्याच्या जोडीला स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी आठवड्यातून तीनदा, बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याचे दोन कॅन उचलून जिना चढणं. इथे भाच्याचा खरा उपयोग करून घ्या की, त्याला सांगा इंजेक्शन नको, मला बैठका नीट शिकव. आनंदाने शिकवेल.

आणि वहिनींशी बोला. त्या आठ महिने हॉलमध्ये आहेत, त्यांनाही काहीतरी वाटत असेल ना, बहुतेक हेच की ह्यांचं माझ्यावरचं मन उडालं. तुम्हाला वाटतंय की त्या लांब गेल्या. दोघांच्या मध्ये खरं तर एक घशाची नळी आहे. रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा, एचबीए१सी चं पानही. आणि एक काम सांगा त्यांना, एक रात्र खोलीत येऊन मोबाइलवर तुमच्या घोरण्याचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं, श्वास थांबतो का, किती सेकंद, ते बघायचं. ते रेकॉर्डिंग कान-नाक-घशाच्या नाहीतर छातीच्या डॉक्टरांना ऐकवा, तिथून झोपेच्या टेस्टचं पुढे ठरेल.

दुसरा रिपोर्ट आला की मला परत लिहा, आणि त्यात टेस्टोस्टेरॉनच्या आधी टेपचा आकडा लिहा, बेंबीच्या पातळीचा.